‘गरिबी डोक्यात असते’ : एका रीलचा आणि आपल्या चळवळीचा इतिहास

एक-दीड मिनिटाची रील असते. पडद्यावर दोन काडीमाणसं. एक गरीब, एक श्रीमंत. गरिबाला पगार होतो, तो मोबाईल घेतो. श्रीमंताला पैसे मिळतात, तो ते ‘कामाला लावतो’. मागून भारदस्त आवाज सांगतो की फरक पैशाचा नाही, मानसिकतेचा आहे. शेवटी एक लिंक. नेरळ स्टेशनाबाहेरच्या रिक्षा स्टँडवर, कळंबच्या नाक्यावर, बौद्धवाडीतल्या विहाराच्या ओट्यावर आणि कातकरीवाडीत जिथे रेंज येते त्या एका दगडावरही ही रील पोचली आहे. मानसशास्त्र आणि पैसा असं तिचं दुहेरी दुकान आहे. गेल्या चार-पाच वर्षांत मराठीतही त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं.

आता आपल्यातलेच काही तरुण म्हणतात की आपणही असे व्हिडिओ काढू, आपल्या पोरांना पैशाचं काही कळत नाही. काढायलाच हवेत, आम्ही स्वतः त्या कामात आहोत. पण काढण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. थोडक्या वेळात, साध्या मराठीत, गंमत करत पैसा आणि मन यांचं नातं लोकांना उलगडून सांगणं हे काही यूट्यूबने शोधलेलं नाही. त्याला आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि या रील्स जे सांगतात त्याच्या नेमकं उलट तो सांगत आला आहे.

सुरुवात १८५५ पासून करू. त्या वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीने ते नाकारलं. आपण त्याची ओळख ‘पहिलं सामाजिक नाटक’ अशी करून देतो आणि पुढे जातो. पण त्यात घडतं काय? एका कुणब्याची बायको गरोदर आहे. दारात जोशी येतो, ग्रह वाकडे असल्याचं सांगतो, आणि पोटातल्या बाळाच्या भीतीवर स्वार होऊन त्या घरातून शिधा आणि पैसा काढायला लागतो. जोशी बोलतो, कुणबी घाबरतो, आणि मधे मधे विदूषक पुढे येऊन प्रेक्षकाला सांगतो की बघा, हे आत्ता काय झालं. भीती कशी घातली, आशा कशी दाखवली, खिसा कसा मोकळा झाला. हा पैशाच्या मानसशास्त्रावरचा मराठीतला पहिला ‘एक्स्प्लेनर’ आहे असं आम्ही म्हणतो, आणि तो विदूषक म्हणजे आजचा मागचा आवाज. फरक असा की तो विदूषक कुणब्याला मूर्ख ठरवत नाही. तो बोट दाखवतो ते जोशाकडे. आणि नाटकाच्या शेवटी नवरा-बायको ‘आम्ही आमची मानसिकता बदलू’ असं म्हणत नाहीत. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रशाळेत जायचं ठरवतात.

‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्याच्या आरंभीची ती पाच पायऱ्यांची साखळी आपल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथे लिहीत नाही. फक्त तिचा क्रम एकदा डोळ्यांपुढे आणा. वित्त शेवटाकडे येतं. त्याच्या आधी गती, नीती, मती. म्हणजे पैसा जाण्याआधी मन आणि बुद्धी जाते, हे जोतीरावांना मान्यच होतं, इतपत रीलवाला आणि ते एकाच बाजूला आहेत. पण मती ही साखळीची पहिली कडी नाही. पहिली कडी विद्या आहे, आणि ती कुणाकडून हिरावली गेली हे पुढचं सगळं पुस्तक सांगतं. रीलवाला साखळी मतीपासून सुरू करतो. पहिली कडी तो कापून टाकतो, आणि तिथेच सगळा घोटाळा होतो.

‘असूड’ लिहिलं गेलं त्याच्या आठ वर्षं आधी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. आजूबाजूच्या पुणे-नगरच्या गावांत तो वणवा पसरला. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत दोन ओळी असतात. त्यात ध्यानात ठेवण्यासारखी बाब ही की लोकांना हवे होते ते कागद. रोखे, खतं, हुकूमनामे. ते मिळवायचे आणि जाळायचे. अक्षरओळख नसलेल्या माणसांना नेमकं कळलं होतं की त्यांची गरिबी त्यांच्या डोक्यात नसून सावकाराच्या पेटीतल्या कागदावर लिहिलेली आहे. सरकारने चौकशी आयोग बसवला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सवलत देणारा कायदा केला. लोकांच्या मानसिकतेवर व्याख्यानं देऊन तो कायदा झालेला नव्हता.

बाबासाहेबांकडे येताना आपण सहसा ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’चं नाव घेतो, रिझर्व्ह बँकेचा उल्लेख करतो, टाळ्या वाजवतो आणि थांबतो. त्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधीचा त्यांचा एक लेख मात्र फारसा कुणी वाचत नाही. बर्ट्रांड रसेल या इंग्लिश तत्त्वज्ञाचं समाजाच्या पुनर्रचनेवरचं पुस्तक १९१६ मध्ये आलं होतं. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये त्याचं परीक्षण एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात लिहिलं. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. रसेल म्हणत होता की पैशाचा लोभ माणसाचं मन खुरटवतो. बाबासाहेब या मताला हात घालतात तो थेट मानसशास्त्राच्या अंगाने. त्यांचं म्हणणं असं की निव्वळ पैशासाठी पैशावर प्रेम सहसा कुणी करत नाही, पैसा कशासाठी तरी हवा असतो, आणि तो ‘कशासाठी’ काय आहे त्यावरून त्या प्रेमाची बरीवाईट पारख करावी लागते. पुढे ते विचारतात की गरिबीचं आणि त्यागाचं गुणगान सुरू कुठून झालं? जुन्या जगात माणसाच्या श्रमातून निपजतच फार थोडं, सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच. तेव्हा नीतिवाद्यांनी ‘नसण्या’लाच मोठेपणा दिला. आजच्या जगात तो उपदेश चालायचा नाही. दोष संपत्तीत नाही, तिच्या विषम वाटपात आहे.

हा लेख शंभर वर्षांहून जुना आहे आणि आमच्या मते आजच्या दोन्ही टोकांना उत्तर देतो. एक टोक रीलवाल्याचं, दुसरं आपल्याच काही कार्यकर्त्यांचं. त्यांना पैशाची गोष्ट काढली की भांडवलशाहीचा वास येतो. पोरगा एसआयपीबद्दल विचारतो तेव्हा ते त्याला मार्क्स सांगतात. त्या पोराला दोन्ही हवं आहे हो.

मग १९२३ चं ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. पुस्तक अवघड आहे, पण त्यातला एक धागा कळंबच्या कुठल्याही मजुराला पाच मिनिटांत सांगता येतो, आम्ही सांगून पाहिला आहे. रुपयाची किंमत घसरली की परदेशात माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला जास्त रुपये मिळतात. तो म्हणतो, देशाचा फायदा झाला. बाबासाहेब विचारतात, हा फायदा आला कुठून? रुपया घसरतो तेव्हा वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा परदेशातून नव्हे, इथल्या मजुराच्या ताटातून आला. १९२५ मध्ये चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हाही रुपयाचा दर कमी ठेवा म्हणणाऱ्या व्यापारीवर्गाच्या मागणीमागे कुणाचा लाभ आणि कुणाचं नुकसान आहे हे ते उघड करत होते. प्रत्येक नफ्याला विचारायचं, बाबा तू कुणाच्या खिशातून आलास?

आणि हे इंग्रजीतच राहिलं असंही नाही. ‘बहिष्कृत भारत’मध्ये १९२७ साली त्यांनी महार आणि त्यांच्या वतनाबद्दल लिहिलं, पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात त्यासाठी बिल मांडलं. वतन म्हणजे काय, तर तुकडाभर जमीन, बलुतं, आणि त्याबदल्यात दिवसरात्र सरकारची आणि गावाची हक्काची राबणूक. आपल्याच लोकांना ते वतन म्हणजे मान वाटायचा. बाबासाहेबांनी दोन्ही हिशेब एकत्र मांडले. पैशाचा हिशेब असा की मिळतं ते श्रमाच्या मोलाच्या जवळपासही नाही. मनाचा हिशेब असा की उष्ट्या-शिळ्याच्या आणि बलुत्याच्या आशेने माणूस गावाला बांधला जातो, त्याची उमेद मरते, स्वाभिमान मरतो. म्हणून उपाय काय सुचवला? ‘सकाळी पाचला उठा’ नाही. वतनच बंद करा. ते शेवटी बंद झालं १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी.

ही मांडणी गावात नेली ती जलशांनी. भीमराव कर्डकांच्या नाशिककडच्या जलशाचं नाव सगळ्यांत आधी घेतलं जातं, तसे गावोगाव आणखी कितीतरी होते. सत्यशोधक जलशांनी वाट पाडून ठेवलीच होती. गणपतीचा गण काढला, भीमस्तवन आलं. मग छोटा फार्स. महारकी, मृत मांस, पोराला शाळेत घालणं, असे विषय. हसवायचं, मग गाणं, मग सवाल-जवाब. दोन कंदील आणि एक ढोलकी एवढ्या सामानावर. पुढे वामनदादा कर्डकांनी टाटा-बिर्लांना आपला वाटा विचारणारं गाणं रचलं. राष्ट्रीय उत्पन्नाचं वाटप हा विषय एवढ्या थोड्या मिनिटांत आणि एवढ्या ठसक्यात कुठल्या विद्यापीठाने शिकवला असेल असं आम्हाला वाटत नाही. समाजशास्त्र एमएच्या दोन वर्षांत तरी आम्हाला कुणी शिकवला नाही.

आता एक वर्ष लक्षात ठेवा. १९३७. अमेरिकेत मंदीने लाखो लोक बेकार झाले होते, आणि त्याच वर्षी नेपोलियन हिलचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ बाजारात आलं. विचार करा आणि श्रीमंत व्हा. मनात तीव्र इच्छा धरा, पैसा येईल. आज मराठीत जेवढ्या ‘श्रीमंत मानसिकते’च्या रील्स दिसतात त्यांचं आडनाव काहीही असो, कूळ बहुतेकदा हे असतं. साठ वर्षांनी, १९९७ मध्ये, कियोसाकीचं ‘रिच डॅड पुअर डॅड’ आलं. त्यात तर सरळ दोन बापच आहेत, शिकलेला गरीब बाप आणि धंदेवाला श्रीमंत बाप. आपल्या समाजात आधीच्या पिढीने पोटाला चिमटा काढून पोरं शिकवली आणि नोकरीला लावली. त्यांच्या नातवंडांना हे पुस्तक हळूच सांगतं की तुझा शिकलेला बाप हाच तुझा अडथळा आहे. विषारी आहे हे, आम्ही सौम्य शब्द शोधणार नाही.

त्याच १९३७ मध्ये, १७ सप्टेंबरला, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. कोकणातला खोत म्हणजे सरकार आणि कुळाच्या मधे बसून दोन्ही हातांनी घेणारा. बाजूच्या अलिबाग तालुक्यात चरीचे शेतकरी १९३३ पासून संपावर होते, जमिनी ओस टाकून, करवंटीला महाग होऊन, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. महिनाभराने मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तिकडे हिल सांगत होता की शत्रू तुझ्या मनात आहे. दोन्ही जण ज्यांच्याकडे पैसा नाही अशा माणसांशीच बोलत होते.

कर्जत तालुक्याला स्वतःचाही एक धडा आहे, तो आम्ही कळंबच्या पोरांना नेहमी सांगतो. भाई कोतवाल हे नाव इथे चौकांना आहे, पुतळ्यांना आहे, सिनेमाही निघाला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान, जात न्हावी. वकिली शिकले, माथेरानच्या नगरपालिकेत काम केलं. १९४२ ला आझाद दस्ता काढला, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह मारले गेले. हा भाग सगळे सांगतात. पण त्याआधी त्यांनी या डोंगरपट्ट्यात शाळा काढल्या आणि धान्य कोठ्या काढल्या, ते कुणी रंगवून सांगत नाही, कारण त्यात बंदूक नाही.

धान्य कोठीची गरज काय होती ते आकड्यांत बघा. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की सावकाराकडून मणभर आणायचं, आणि सुगीला दीड मण घालायचं. कोकणात सगळीकडे हीच रीत. जूनमध्ये घेतलं, नोव्हेंबरात फेडलं, म्हणजे पाच महिन्यांना पन्नास टक्के. वर्षाचा दर एकशे वीस टक्के. हा दर देणारा ठाकूर किंवा कातकरी ‘आर्थिक निरक्षर’ होता का? त्याला दर पक्का ठाऊक होता. त्याच्यापुढे पर्याय नव्हता. कोतवालांनी त्याला बचतीवर भाषण दिलं नाही, पर्याय उभा केला. पुढे याच तालुक्यात काशेळ्याच्या बाजूला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या, त्याही याच वाटेवरच्या.

आज सावकाराची जागा बदलली आहे. दिवाळी झाली की वाडीतली कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पनवेलकडे, भिवंडीकडे. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते, बहुतेकदा पावसाळ्यातच, जेव्हा घरात काही नसतं. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते. हिशेब शेवटी, पाऊस तोंडावर आल्यावर. वही मालकाची, आकडे मालकाचे. अंगावर काही शिल्लक निघालीच तर ती पुढल्या वर्षावर. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असलं कर्ज मुळातच रद्द ठरतं, ते फेडण्याची जबाबदारी उरत नाही. हे एक वाक्य दीड मिनिटाच्या रीलमध्ये आरामात बसतं. अशी रील आम्हाला अजून कुणाची दिसलेली नाही.

रीलवाले विज्ञानाचा आधार घेतात, तेव्हा तेही पाहू. त्यांचा लाडका प्रयोग मार्शमॅलोचा. अमेरिकेत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांपुढे एक गोड वडी ठेवली, थांबलास तर दोन मिळतील म्हणाला. पुढे असं दिसलं की थांबलेली मुलं मोठेपणी अभ्यासात वगैरे सरस निघाली. झालं, ‘संयम म्हणजे यश’. पण २०१८ मध्ये जास्त मुलांवर आणि वेगवेगळ्या थरांतल्या घरांवर तेच तपासलं गेलं. मुलाच्या घरची परिस्थिती हिशेबात धरली की तो संबंध बराचसा विरून गेला. २०१३ चा एक प्रयोग तर आणखी बोलका आहे. ज्या मुलांना आधी मोठ्या माणसाने दिलेला शब्द मोडलेला दाखवला, ती मुलं वडीसाठी फार वेळ थांबलीच नाहीत. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला ती कितीतरी जास्त थांबली. ‘शेवटी हिशेब करू’ असं ऐकत भट्टीवर वाढलेलं पोर हातात आलेलं आत्ताच खातं, ते बेअक्कल म्हणून नव्हे. त्याने जग नीट पाहिलेलं आहे.

त्याच वर्षी तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, उसाचे पैसे हातात येण्याआधी आणि आल्यानंतर. आधी बुद्धीच्या चाचण्यांत कमी पडले, नंतर चांगले आले. माणूस बदलला नव्हता, त्याच्या डोक्यावरचा ताण उतरला होता. म्हणजे गरिबी डोक्यात असते हे अर्धं खरं आहे, फक्त बाण उलटा आहे. आधी खिसा रिकामा होतो, मग डोकं भरून जातं.

पण आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा, उत्तर प्रदेशातल्या खेड्यातल्या सहावी-सातवीच्या मुलांवरचा, २००६ मध्ये छापून आलेला. मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, सुटेल त्याचे पैसे. जात कुणी काढली नाही तेव्हा दलित मुलं आणि उच्चजातीय मुलं सारखीच. मग सगळ्यांपुढे प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात मोठ्याने वाचली. दलित मुलांची कामगिरी घसरली. तीच मुलं, तीच कोडी. जात ही मनाची अवस्था आहे असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं, त्याचा अर्थ असा की ती मनातून काम करते, बाहेरून घातलेली असते, आणि ज्या शास्त्रांनी ती घातली ती उखडल्याशिवाय मन मोकळं होत नाही. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा त्याच्यावर इलाज नव्हे.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग वैयक्तिक पैशाचं बोलूच नये. आम्हाला ते मान्य नाही, आणि धम्मालाही नाही. सिगालोवाद सुत्तात तथागत गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगतात, एक उपभोगाला, दोन उद्योगाला, चौथा अडीअडचणीला ठेवायचा. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक सुख कर्ज नसण्याचं आहे. विहारात ही सुत्तं वाचली जातात पण त्यांवर चर्चा होत नाही. मात्र दीघनिकायातच कूटदंत सुत्तही आहे. त्यात राज्यात चोऱ्यामाऱ्या माजल्या तेव्हा राजाला सल्ला मिळतो की शिक्षा करून काही होणार नाही, शेतकऱ्याला बी-बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला वेतन दे. एका सुत्तात गृहस्थाचं कर्तव्य, दुसऱ्यात राज्याचं. ‘बुद्धाचा पैशाचा मंत्र’ म्हणून ज्या रील्स फिरतात त्यांत पहिलं असतं. दुसरं कधी नसतं.

या सगळ्यात पणाला काय लागलं आहे ते शेअर बाजाराच्या आकड्यांवरून कळतं. मार्च २०२० मध्ये देशात डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती, मार्च २०२४ ला पंधरा कोटींच्या वर गेली. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास जाहीर केला. तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी हा व्यवहार केला, त्यांतले ९३ टक्के तोट्यात. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये या खेळणाऱ्यांतले ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त जणांचं सांगितलेलं उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होतं. आता बाबासाहेबांचा प्रश्न विचारा, हा पैसा कुणाच्या खिशात गेला? त्याच एका वर्षात दलाल पेढ्यांनी स्वतःच्या खात्यावर ३३ हजार कोटी कमावले आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटी, खर्च वजा जाण्याआधी. बहुतेक संगणकाच्या आज्ञावलीने. नेरळ लोकलमध्ये मोबाईलवर ऑप्शन विकत घेणारा पोरगा कुणाशी झुंजतोय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला सांगितलेलं असतं की हरलास तर तुझी ‘ट्रेडिंग सायकॉलॉजी’ कच्ची आहे, आणि त्याचाही एक कोर्स आहे.

सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये असा एक शिकवणीवाला बाजारातून बाहेर काढला आणि सतरा कोटींहून जास्त रक्कम बाजूला ठेवायला लावली. जानेवारी २०२५ मध्ये शिकवणाऱ्यांना बाजारातले ताजे भाव वापरायला बंदी घातली, निदान तीन महिने जुने हवेत असं ठरवलं. त्याच महिन्यात दादरच्या ‘टोरेस’ दुकानापुढे भाजीवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत लोक डोकं धरून उभे होते, दर आठवड्याला परतावा मिळेल म्हणून पैसे घातलेले. ‘तृतीय रत्न’मधला जोशी भीती विकत होता, हे आशा विकत होते. विदूषक तेवढा गायब होता.

आणि कर्जत-खालापुरात याला आणखी एक बाजू आहे. फार्महाऊसवाल्यांनी, विमानतळाच्या बातमीने, पनवेल-कर्जत लोकलच्या चर्चेने जमिनीचे भाव चढले. ज्यांनी विकली त्यांच्या हातात एकदाच, आयुष्यात पहिल्यांदा, मोठी रक्कम आली. त्या रकमेच्या वासावर कोण कोण येतं ते गावात सगळे पाहतात. बौद्धवाडीकडे बहुधा विकायलाही जमीन नव्हती, वतनाचा तुकडा असला तर तोही वादात. तिथे पैसा येतो तो गटाच्या हप्त्याच्या कर्जातून.

म्हणून कळंब भागात आम्ही जे छोटे व्हिडिओ करतो त्यांत काडीमाणूस असतो, पण तो एकटा नसतो. समोर कर्ज देणारा असतोच, आणि मधे विदूषक. एकात आम्ही ‘फ्लॅट’ व्याजाचं गणित केलं. चाळीस हजार, दोन वर्षं, बारा टक्के फ्लॅट. व्याज ९,६००, हप्ता साधारण २,०६७. मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण चाळीस हजारांवर लावलं जातं, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. हे बघून एका ताईंनी विचारलं, मग बारा का म्हणतात? विदूषकाला पुढचा विषय तिथेच मिळाला.

सध्या काम चालू आहे ते बचत गटातल्या आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जावर. रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे नियम आहेत, १ एप्रिलपासून लागू झालेले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज विनातारण द्यायचं. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास नाही. सहानंतर दारात येऊन बसणाऱ्याला काय म्हणायचं, तो संवाद वाडीतल्या बायकांनीच लिहिला आहे. ढोलकी आहे, एक मिनिट पन्नास सेकंदांचा झालाय, वीस सेकंद कापायचे बाकी आहेत.